माहेर चंदगडात, सासर खानापुरात : आधारवर कुठलं नाव, कुठला पत्ता?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठं चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन तुम्ही इकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलात. आधार माहेरच्या नावाचं आणि माहेरच्या पत्त्याचं. सासरच्या रेशनकार्डात नाव घालायला गेलात तर ‘आधी आधारवर इथला पत्ता आणा’ म्हणाले. आधारच्या काउंटरला गेलात तर ‘इथल्या पत्त्याचा पुरावा आणा, रेशनकार्ड चालतंय’ म्हणाले. त्यातच बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं पडलंय. सासूबाई निपाणीच्या, जन्मभर विड्या वळलेल्या, त्यांचा रेशनला अंगठा उठत नाही. आणि सगळ्यात शेवटी, जणू सहज म्हणून, तुम्ही खरी भीती लिहिलीय : आधार कर्नाटकचं केलं की मी महाराष्ट्राची राहणार नाही का? माहेरच्या जमिनीतला वाटा आणि तिथल्या सवलती जातील का? माझं नाव कन्नडमध्ये येणार का?

मी २०१२ पासून आधारच्या यंत्रामागं बसतोय. सुरुवातीला एका एजन्सीकडून गावोगावच्या शिबिरांत, कधी शाळेच्या वर्गात, कधी देवळाच्या मंडपात पांढरा पडदा बांधून. आता तालुक्यातल्या एका बाजारगावात कायमच्या केंद्रावर. तुमच्यासारखी केस माझ्याकडं दर महिन्याला येते. चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या मुली इकडं येतात, इकडच्या तिकडं जातात. सोयरीक जुळवताना इथं कुणी राज्याची हद्द बघत नाही. हद्द आठवते ती लग्नानंतर, पहिला कागद करायला गेल्यावर.

तुम्ही आधारला एकदम तीन प्रश्न विचारताय : मी कोण, मी कुठं राहते, आणि मी कुठली. पहिल्याचं पक्कं उत्तर आधारकडं आहे, कारण दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा त्याच्याकडं नोंदलेला आहे. दुसऱ्याचं उत्तर ते तुम्ही दिलेल्या एखाद्या कागदावरून लिहून घेतं, आणि दुसरा कागद दिला की बदलतं. तिसऱ्याचं उत्तर त्याच्याकडं मुळात नाही. कायद्यानंच ते तसं ठेवलंय. हे एकदा डोक्यात बसलं की तुमची अर्धी काळजी कमी होईल, म्हणून थोडं मागं जाऊन सांगतो.

आमच्या लहानपणी ओळख म्हणजे रेशनकार्ड. १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांच्या काळात फोटोचं मतदार ओळखपत्र आलं. पण एक कार्ड धान्यापुरतं आणि दुसरं मतापुरतं. देशभर चालेल असं एकच ओळखपत्र हवं ही गोष्ट सरकारदरबारी जोरानं पुढं आली ती कारगिलनंतर. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीनं सीमेवरच्या गावांतल्या लोकांना ओळखपत्रं द्यावीत असं सुचवलं. (ती सीमा पाकिस्तानकडची हं. आपल्याकडं ‘सीमाभाग’ म्हटलं की कानाला वेगळंच ऐकू येतं.) २००१ मध्ये मंत्रिगटानं बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची शिफारस केली, आणि २००३ च्या दुरुस्तीनं नागरिकत्व कायद्यात कलम १४-अ आलं : प्रत्येक नागरिकाची नोंदणी आणि त्याला राष्ट्रीय ओळखपत्र. ते कार्ड झालं असतं तर ते नागरिकत्वाचं कार्ड झालं असतं.

पण आधार त्या धाग्यातून निघालं नाही. दुसरा धागा कल्याण योजनांचा होता. २००६ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना प्रत्येकी एकच, दुसऱ्या कुणाचा नसेल असा क्रमांक द्यायचा प्रकल्प मंजूर झाला. तिथला प्रश्न साधा होता : एकच माणूस दोन नावांनी दोन ठिकाणी धान्य उचलतोय का, आणि खरा गरजू यादीबाहेर राहतोय का? २८ जानेवारी २००९ ला नियोजन आयोगाच्या छताखाली यूआयडीएआय, म्हणजे आधार देणारं प्राधिकरण, स्थापन झालं. त्याच वर्षी त्याचे पहिले अध्यक्ष झाले नंदन निलेकणी, जे आपल्या शेजारच्या धारवाडात काही वर्षं शिकलेले. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये आकडा शंभर कोटींवर गेला. कायदा मात्र आकड्याच्या मागून आला, २०१६ च्या मार्चमध्ये. त्याआधीची सगळी वर्षं आम्ही नुसत्या सरकारी आदेशावर लोकांचे ठसे घेत होतो. आज मागं वळून बघताना हे मलाही चमत्कारिक वाटतं.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. आधार ‘रहिवाशाला’ मिळतं, आणि रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलेला माणूस. भारतात, कुठल्या राज्यात, हे तिथं विचारलेलं नाही. आणि कलम ९ सरळ सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. बिहारच्या मतदारयादीच्या फेरतपासणीवेळी ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं : आधार ओळखीसाठी घ्या, नागरिकत्वासाठी नव्हे.

क्रमांकाकडं बघूनही हे कळतं. गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच-०९ की केए-२२, हे दहा पावलांवरून दिसतं. कोल्हापूरची गाडी कुठली आणि बेळगावची कुठली हे पोरंही सांगतात. आधारच्या बारा अंकांत असं काही नाही. पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, शेवटचा अंक आधीचे अकरा बरोबर टाइप झालेत का हे तपासायला असतो, आणि मधलं सगळं कुठलाही अर्थ नसलेलं. राज्य, जात, वय यातलं काहीच त्यात लपलेलं नाही. म्हणजे ‘कर्नाटकचं आधार’ अशी वस्तूच नाही. कर्नाटकचा पत्ता छापलेलं आधार असतं. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो, मरेपर्यंत.

यावरून एक तंबी. नवीन आधार काढायच्या भानगडीत पडू नका. २०१२-१३ च्या शिबिरांत कितीतरी सुना माहेरी एकदा आणि सासरी एकदा बसल्या. कुणाचा हेतू वाईट नव्हता. सासऱ्यांनी सांगितलं बस, बसल्या. यंत्रणा नव्या नोंदणीचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून बघते. दुसरा अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येतो आणि पावती हातात घेऊन बाई वर्षभर खेपा घालते.

आता नावाचं बघू. खरी गुंतागुंत तिथंच आहे. पत्त्याला कसली अडचण नाही. तो कितीही वेळा बदलता येतो. नाव मात्र उभ्या जन्मात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्याच्या पुढं गेलात तर प्रादेशिक कार्यालयाकडं अर्ज, म्हणजे आपल्यासाठी बेंगळुरू. म्हणून माझ्याकडं कुणी सून आली की मी पहिल्यांदा विचारतो : दहावीच्या सर्टिफिकेटवर काय नाव आहे, आणि पुढं नोकरीची परीक्षा द्यायचा विचार आहे का?

इथं सगळं परिस्थितीवर आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. शिक्षण दहावी-बारावीच्या पुढं झालेलं असेल, पॅन, बँक, मार्कलिस्ट सगळं माहेरच्या नावानं असेल, तर नाव बदलू नका. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. नवऱ्याचं नाव पत्त्याच्या ओळीत ‘केअर ऑफ’ म्हणून घालता येतं आणि घरच्या मोठ्या माणसांचं तेवढ्यानं समाधानही होतं. याउलट शाळेचा कागदच नसेल आणि पुढची सगळी कागदपत्रं सासरीच तयार होणार असतील, तर लग्नाचं सर्टिफिकेट लावून वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव एकदाच, नीट करून घ्या. तुमचं लग्न माहेरी झालं असेल तर ते सर्टिफिकेट तिथल्या ग्रामपंचायतीतून मिळेल, महाराष्ट्रात ग्रामसेवकाकडं विवाह नोंदणीचं काम असतं. इकडं झालं असेल तर सब-रजिस्ट्रारकडं. एका राज्याचं लग्नाचं सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यात चालतं, त्यावरून कुणी अडवलं तर लेखी द्या म्हणावं.

तुमच्या प्रश्नावरून दिसतं की लग्नात तुमचं मूळ नावही बदललंय. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव घरात हाक मारायला ठेवा, कागदावर आणू नका. आडनाव बदलायला लग्नाचं सर्टिफिकेट पुरतं. पहिलं नाव पूर्ण बदलायला राजपत्रातली जाहिरात लागते, खर्च आणि महिने दोन्ही जातात, आणि त्यानंतरही शाळेचं सर्टिफिकेट जुन्याच नावाचं राहतं. मी हे सांगितलं की सासवा रागावतात. एक मावशी तर मला म्हणाल्या, ‘आमच्या सुनंचं नाव तुम्ही ठरवालाय काय ओ?’ मी म्हटलं, मी नाही मावशी, तिच्या दहावीच्या मास्तरांनी ठरवलंय.

तुम्ही बी.ए. आहात असं लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे : नाव माहेरचंच ठेवा, फक्त पत्ता बदला.

मग बाळाचा दाखला? तो मात्र आधी दुरुस्त करा, सगळ्याच्या आधी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळा, मतदारयादी, पासपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा एकमेव पुरावा म्हणजे जन्मदाखला, असा कायदा आहे. तुमची मुलगी त्या तारखेनंतरची आहे. तिच्यासाठी मुळाचा कागद तोच, आधार त्यावरून निघणार. दवाखान्यात भरतीच्या वेळी कुणीतरी घाईत तुमचं सासरचं नाव सांगितलं आणि तेच पुढं गेलं, हे नेहमीचं आहे. नोंद जिथं झाली त्या निबंधकाकडं तुमचं आधार, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाचा कागद घेऊन जा. जितकं लहान मूल तितकी दुरुस्ती सोपी. मुलगी दहावीला गेल्यावर आईच्या नावासाठी कोर्टात जाणारे पालक मी बघितलेत.

मूळ कागद चुकलेला असताना त्यावरून आधार केलं की चूक पक्की होते, याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे जन्मतारखा, आणि त्यात माझाही हात आहे. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा शाळेतला जन्म १ जूनचा, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजी वय अंदाजे बसवून तारीख घालायचे. शिबिरात मंडपाबाहेर रांग लागलेली असायची. ज्यांना तारीख सांगता येत नव्हती त्यांचं नुसतं वय घेतलं की यंत्रात १ जानेवारी पडायची. दाखला आणायला परत पाठवायला हवं होतं; मी पाठवलं नाही. परिणाम असा की गावच्या गाव शाळेत जूनमध्ये जन्मलं आणि आधारवर जानेवारीत. पेन्शनच्या वेळी दोन्ही तारखा समोरासमोर आल्या. आता तर आधारवरच छापलेलं असतं की हा जन्मतारखेचा पुरावा नाही; भविष्य निर्वाह निधीनं जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेसाठी आधार घेणं बंद केलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही वय ठरवायला आधारपेक्षा शाळेचा दाखला वरचढ धरला. सासूबाईंचं काही करताना हे लक्षात असू द्या.

आता कन्नडचा प्रश्न. होय, माझ्या यंत्रावर स्थानिक भाषा कन्नड आहे, त्यामुळं इथं पत्ता बदललात की तुमच्या कार्डावर इंग्रजीच्या वरची ओळ मराठीची जाऊन कन्नडची येईल. यावर कुणाला वाईट वाटतं, आणि ते मला कळतं. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो. पण कामाच्या दृष्टीनं बघा : बँक, पॅन, रेशन यांची नावाची जुळवणी बहुतेक करून इंग्रजी ओळीवर होते. म्हणून इंग्रजी स्पेलिंगला जीव लावा. ते दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणं अक्षर न् अक्षर तेच हवं. गावडे हे आडनाव कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं, कुणी शेवटी ई लावतं तर कुणी ए. लक्ष्मीत एक्स की केएसएच हा तर जुनाच वाद. ज्ञानेश्वर मराठी माणूस डी-एन लावून लिहितो, कन्नड माणूस जे-एन लावून; एकाच माणसाची दोन कार्डं संगणकाला दोन माणसं वाटतात.

कन्नड ओळही न वाचता सोडू नका. इंग्रजीत नाव टाइप केलं की यंत्र त्याचं कन्नड आपोआप करतं, आणि इंग्रजीला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. एकदा माने आडनावाचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू कन्नड माध्यमात पाचवीला. तो कार्ड वाचून खिदळत होता. यंत्रानं ‘माने’चं ‘मने’ केलं होतं, आणि मने म्हणजे कन्नडमध्ये घर. आजोबांच्या नावापुढं आडनाव म्हणून घर छापून आलं होतं. इंग्रजी बरोबर होतं म्हणून माझ्यासकट कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आजोबांना कन्नड वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवतो. नियमानं तुमच्याकडं तोंड केलेला दुसरा स्क्रीन केंद्रावर असायलाच हवा. तो भिंतीकडं वळलेला असेल तर वळवून घ्या. पाटील की पतिल, हे तिथंच बघायचं, कार्ड घरी आल्यावर नाही.

पत्त्यातल्या नावांचीही तीच गत. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या कागदावर एक, नव्यावर दुसरं. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतःचा तालुका आहे. कागवाड अथणीतून निघालं. जिल्ह्या-तालुक्याचं नाव बदलल्यामुळं आलेल्या फरकाला घाबरून उगाच दुरुस्ती करायला येऊ नका. पिनकोड आणि गावाचं नाव जुळलं की पुढं सरकतं.

पत्ता कसा बदलायचा, म्हणजे तुमचं ‘आधी कोंबडी की आधी अंडं’ कसं सुटेल? २०२३ च्या जानेवारीपासून याला एक चांगली वाट झालीय. घरातल्या माणसाच्या आधारवरून तुमचा पत्ता बदलता येतो. त्याला कुटुंबप्रमुखाच्या आधारे बदल म्हणतात, पण प्रमुख म्हणजे सासरेच हवेत असं नाही, अठरा वर्षांवरचा नवरा चालतो. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर तुम्ही तुमच्या आधारनं आत जाऊन अर्ज करायचा, नवऱ्याचा आधार क्रमांक द्यायचा, नात्याचा पुरावा म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट लावायचं. नात्याचा कागदच नसेल तर नवऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र चालतं. मग त्यांच्या मोबाइलवर मेसेज येतो आणि तीस दिवसांत त्यांनी आत जाऊन होकार द्यायचा. इथंच बहुतेकांचं अडतं : नवऱ्याचा नंबर आधारला जोडलेला नसतो किंवा ते पुण्या-गोव्याला कामावर असतात आणि तीस दिवस निघून जातात. तेव्हा अर्ज करायच्या आधी त्यांचा नंबर चालू आहे का बघा. या वाटेनं गेलात तर रेशनकार्डाची गरजच पडत नाही. पत्ता झाला की मग रेशन.

रेशनसाठी मात्र माहेरच्या कार्डातून नाव आधी कमी करून घ्या. चंदगड तहसीलच्या पुरवठा विभागातून तसा दाखला मिळतो. दोन राज्यांची रेशनची यादी वेगळी असली तरी आधार क्रमांक एकच, त्यामुळं तिथलं नाव राहिलं तर इथं अडकतं.

आता त्या खऱ्या भीतीकडं. माहेरच्या जमिनीतला वाटा आधारच्या पत्त्यावर ठरत नाही. वारसा जन्मानं येतो. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिलाय, आणि ती लग्न करून चंदगडला गेली, खानापुरात आली की अमेरिकेला गेली, याचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त सातबारावर वारस म्हणून नाव लागताना ते आधारवरच्या नावाशी जुळलेलं असलं की बरं पडतं, कारण दोन्ही राज्यांत आता शेताचे कागद आधारला जोडून घेणं चालू आहे. नाव माहेरचंच ठेवा म्हणण्यामागं माझं हेही एक कारण आहे.

सवलतींचं थोडं वेगळं. काही सवलती तुम्ही महाराष्ट्रात राहता म्हणून मिळतात. तुमच्या खात्यावर लाडकी बहीणचे पैसे येतात, आणि पत्ता बदलला तर बंद होतील का, असं तुम्ही विचारलंय. ताई, ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे. तुम्ही राहता खानापुरात. पैसे बंद होतील आणि ते बंद व्हायलाच हवेत. ते चालू राहावेत म्हणून पत्ता माहेरचा ठेवा, हा सल्ला मी देणार नाही. शिवाय केवायसीत नवऱ्याचं आधार मागितलं की तिथंच उघडं पडतं. इथं कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार मिळतील म्हणावं तर ते रेशनकार्डात घरची यजमानीण म्हणून जिचं नाव आहे तिला मिळतात, म्हणजे तुमच्या सासूबाईंना. तुमच्या हातात त्यातलं किती येईल ते तुमच्या घरावर!

पण काही गोष्टी उलट्याही आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२४ च्या जानेवारीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत वादही झाला. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी वेगळा गट आहे. या दोन्हींचा पाया असा की माणूस इथं, कर्नाटकात राहतो. म्हणजे तुमच्या मुलीला पुढं त्या गटातून जायचं झालं तर खानापूरचा पत्ता तिच्या आड येणार नाही, उलट तोच दाखवावा लागेल. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी सुटेल. तो तुमच्या आधारवरच्या पत्त्यावरून कुणी सोडवणार नाही आणि बिघडवणारही नाही.

बँकेची एक बारीक गोष्ट. सरकारी अनुदान आधारवरून जमा होतं तेव्हा ते ज्या बँकेत शेवटचं आधार जोडलंय तिथं जातं. तुमचं खातं चंदगडकडच्या शाखेत असेल आणि पासबुक आईकडं, तर इथल्या योजनेचे पैसे तिथं जाऊन बसतील. खानापुरात खातं काढून आधार तिकडं जोडून घ्या.

सासूबाईंच्या अंगठ्याचं. विड्या वळणाऱ्या बायकांची तर्जनी आणि अंगठा तेंदूच्या पानावर घासून गुळगुळीत होतात. यंत्रमागावरच्या, वीटभट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या लोकांचंही तेच. अंगठ्याचा हट्ट सोडा. दहा बोटांतलं कुठलंही बोट चालतं, अनामिका आणि करंगळी बऱ्याचदा शाबूत असतात. हात कोमट पाण्यानं धुवून, पुसून, किंचित ओलसर असताना लावायला सांगा. तरी उठलं नाही तर केंद्रावर एकदा ठसे आणि बुबुळं नव्यानं देऊन या. ऑक्टोबर २०२५ पासून त्याला १२५ रुपये आणि नुसत्या नाव-पत्त्याच्या बदलाला ७५ रुपये लागतात. त्याच्यावर कुणी मागितलं तर पावती मागा. रेशन दुकानात बुबुळाचं यंत्र किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो का ते दुकानागणिक विचारावं लागतं. पण ठसा उठला नाही म्हणून धान्य नाकारणं बरोबर नाही, एवढं दुकानदारालाही माहीत असतं. आणि म्हातारीची बोटं इतकी झिजलेली आहेत तर घरातल्या कुणीतरी आधारच्या ॲपवरून तिचे ठसे लॉक करून ठेवा, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढून देणारा कुणी फसवणार नाही. लागतील तेव्हा उघडता येतात.

शाळा, बँक, सिम यांचं विचारलंयत म्हणून दोन ओळी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच खटल्यातून २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक अशा निकालानं आधार टिकलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मत विरुद्ध होतं. निकालाचा तुमच्यापुरता अर्थ असा : अनुदानाला आणि पॅनला आधार मागता येतं; बँक खातं, मोबाइल आणि शाळेचा प्रवेश आधार नाही म्हणून अडवता येत नाही.

तर तुमचा क्रम असा ठेवा. आधी बाळाच्या दाखल्यावर तुमचं आधारवरचंच नाव. मग लग्नाचं सर्टिफिकेट हातात. मग नवऱ्याच्या आधारवरून पत्ता. मग माहेरच्या रेशनमधून नाव कमी आणि सासरच्यात दाखल. बँक त्यानंतर. बाळाचं आधार सगळ्यात शेवटी. पाच वर्षांच्या आत ठसे घेत नाहीत, फोटो आणि आई किंवा वडिलांच्या आधारवर ते निळं कार्ड निघतं. ठसे पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यायचे, ते विसरू नका.

प्रत्येक वेळी पावती जपून ठेवा. तिच्यावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि पुढं तारीख-वेळ असते; अर्ज अडकला तर तेवढ्यावरच शोधता येतो. आणि बाजाराचा दिवस सोडून या. बाजारादिवशी रांग रस्त्यापर्यंत जाते आणि दुपारी सर्व्हरही जेवायला गेल्यासारखा गप्प बसतो.